विहिरीतली लाल दवा

लश्करच्या आमच्या वाड्यात पावसाळा लागला की आजी विहिरीत लाल दवा टाकायची. जांभळे खडे बादलीत विरघळवायचे, बादली विहिरीत उपडी करायची. पाणी गुलाबी! आणि आम्हा पोरांना तंबी, उद्यापर्यंत पोहरा सोडायचा नाही. मोरीला मात्र फिनाईल. वास सुटला की आजी म्हणायची, "झालं स्वच्छ."

दोन्हींचं मूळ व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात सापडतं. लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, तिथे 'कॉन्डीज फ्लुइड' म्हणून बाटलीत मिळायची. फिनाईलचं कूळ डांबराचं. कोळशापासून दिव्यांचा गॅस काढला की डांबर उरायचं, त्यातून कार्बोलिक ॲसिड. कार्लाइल गावात गटाराची घाण मारायला ते वापरतात हे लिस्टरच्या कानावर आलं, आणि 1865 मध्ये ग्लासगोत त्याने ते एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर लावलं. गटारातलं औषध दवाखान्यात आलं ते असं.

पण तेव्हा बहुतेकांची समजूत आजीसारखीच होती: वास म्हणजेच रोग. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाणली की पार्लमेंटचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगले. पटकी पाण्यातून येते असं घसा फोडून सांगणारा डॉक्टर जॉन स्नो त्याच जूनमध्ये वारला. खासदारांनी मोठी गटारं मंजूर केली तीही नाकाला रुमाल लावूनच, म्हणजे दुर्गंधीच्या धाकाने. काम झालं बरं, कारण चुकीचं!

त्याची किंमत 1866 मध्ये दिसली. पूर्व लंडनमधल्या गटारांचं काम अजून पुरं व्हायचं होतं. पटकी आली, मोऱ्या-संडासांत जंतुनाशकं ओतली गेली, आणि पाणी कंपनीच्या ओल्ड फोर्डच्या तलावातलं न गाळलेलं पाणी नळाने घराघरांत जात राहिलं. पाच हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक गोदीवरची गरीब. मला या गोष्टीचा अजून राग येतो. ओतायचं होतं मोरीत नाही, बघायचं होतं नळात.

पुढे 1890 च्या दशकात आग्र्याला हँकिन नावाच्या शास्त्रज्ञाने पटकीच्या साथीत विहिरींत परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला. आग्रा आमच्यापासून किती लांब! आजीला ही रीत तिच्या सासूकडून आली होती. सासूला कोणी शिकवली, ते विचारायचं राहून गेलं.

तुमच्याकडे विहिरीत काय टाकायचे?