रोमन स्तंभांची भाषा

रोममधील कलोसियम या विशाल प्रेक्षागाराकडे पाहताना एक प्रश्न सहज मनात येतो : दर्शनी भागावरचे हे खांब पेलतात तरी काय? उत्तर मोठे चमत्कारिक आहे. इ. स. 80 मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूचा भार वाहतात त्या कमानी आणि त्यांचे जाड आधार. खांब त्यांच्या अंगाला नुसते चिकटलेले आहेत.

ग्रीकांच्या मंदिरांत खांब खरोखरच छप्पर तोलीत असे. तेथूनच साधी व भरदार डोरिक, माथ्यावर वळसे असलेली आयोनिक आणि पानांच्या गुच्छाने नटलेली कोरिंथियन या तीन शैली आल्या. सम्राट ऑगस्टसला आपला ग्रंथ अर्पण करणारा व्हिट्रुव्हियस सांगतो, की डोरिक स्तंभ पुरुषदेहाच्या मापाने घडला. पाऊल उंचीच्या एकषष्ठांश, म्हणून स्तंभाची उंची बुंध्याच्या जाडीच्या सहापट.

कमान हाती आल्यावर रोमनांना खांबांवाचून चालले असते. पण त्यांनी ते टाकले नाहीत. कलोसियमच्या तळमजल्यावर डोरिक वळणाचे, वर आयोनिक, त्यावर कोरिंथियन असा क्रम त्यांनी लावला. जड ते खाली, नाजूक ते वर! कित्येकांना ही फसवणूक वाटते. मला ती तशी वाटत नाही. तंबोरा राग गात नाही. पण सुराला त्याची जागा दाखवितो. तेच काम हे स्तंभ डोळ्यांसाठी करतात.

पुढे सेर्लिओने 1537 मध्ये आणि विन्योलाने 1562 मध्ये टस्कन व मिश्र या शैली धरून पाचांचे नियम छापून प्रसिद्ध केले. मग रोम न पाहिलेल्या कारागिरालाही ते स्तंभ उभारता येऊ लागले. जुन्या गोव्यात 1605 मध्ये अभिषिक्त झालेल्या बॉम जेझूच्या दर्शनी भिंतीवर या शैली एकत्र नांदतात. ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांसाठी मायकेल फिलोज यांनी 1874 मध्ये पुरा केलेला जयविलास राजवाडा पाहा : खाली टस्कन, मध्ये डोरिक, वर कोरिंथियन. कलोसियमचाच तो धडा!

हे स्तंभ आपल्याकडे परसत्तेबरोबर आले, हे विसरता येत नाही. परंतु ते घडविले आपल्या हातांनी. म्हणून त्यांच्याकडे केवळ परक्यांची खूण म्हणून पाहणे, हा त्या हातांवरच अन्याय होईल.