तलत महमूद : कंप पावणाऱ्या आवाजाचा गझल गायक

आपल्या घरातल्या बुजुर्गांना जुन्या गाण्यांबद्दल विचारा, रफीसाहेबांच्या बरोबरीनं एक नाव हमखास निघतं : तलत महमूद. 1950 च्या दशकात हिंदी चित्रपटातली प्रेमाची, विरहाची हळवी गझल म्हणजे तलतचा आवाज, असं समीकरणच होतं. उर्दू लिपी न येणाऱ्या कितीतरी मराठी घरांना गझलेची पहिली ओळख त्यांच्याच गाण्यांनी करून दिली.

जन्म आणि तालीम

तलत यांचा जन्म 24 फेब्रुवारी 1924 रोजी लखनौमध्ये झाला. घराणं शरीफ, जुन्या वळणाचं. त्या काळी अशा घरातल्या मुलानं गाण्यावर पोट भरावं, हे कुणाला पटणारं नव्हतं. घर की गाणं, असा पेच तरुण तलतपुढे उभा राहिला. त्यांनी गाणं निवडलं.

शास्त्रीय संगीताचं शिक्षण त्यांनी लखनौच्या मॅरिस कॉलेजात घेतलं. (नागपूरचं मॉरिस कॉलेज वेगळं बरं का!) हे संगीत विद्यालय 1926 मध्ये पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानं सुरू झालं होतं. म्हणजे लखनवी गझल गायकाच्या तालमीमागे एका मराठी माणसाची मेहनतही होती. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास तलत लखनौ रेडिओवर मीर, दाग, जिगर यांच्या गझला गाऊ लागले.

कलकत्त्याचा 'तपनकुमार'

1944 मध्ये फैयाज हाश्मींनी लिहिलेली आणि कमल दासगुप्तांनी चाल दिलेली 'तसवीर तेरी' ही गैरफिल्मी तबकडी देशभर गाजली. तलत कलकत्त्याला गेले. तिथं त्यांनी 'तपनकुमार' या नावानं बंगाली गाणी म्हटली आणि चित्रपटांत कामही केलं.

मुंबई : दोष ठरला गुण

1949 मध्ये ते मुंबईत आले. त्यांच्या आवाजात एक बारीक कंप होता. काही लोक म्हणाले, हा तर दोष, माइकसमोर गाताना माणूस घाबरतोय असं वाटतं. ते ऐकून तलत कंप दाबून गायला लागले. संगीतकार अनिल विश्वास यांनी मात्र तोच कंप परत मागितला. त्यांना मूळचा तलत हवा होता. 'आरजू' (1950) मध्ये दिलीपकुमार यांच्यासाठी गायलेल्या गझलेनं तलतना रातोरात नाव मिळवून दिलं.

पुढे नौशाद यांचा 'बाबुल' (1950), शंकर-जयकिशन यांचा 'दाग' (1952), गुलाम मोहम्मद यांचा 'मिर्झा गालिब' (1954) आणि सचिनदेव बर्मन यांचा 'सुजाता' (1959) आले. 'सुजाता'मध्ये सुनील दत्त टेलिफोनवरून नूतनला गाणं ऐकवतात, तो आवाज तलत यांचाच.

मराठीतही त्यांनी गायलं. 'पुत्र व्हावा ऐसा' या चित्रपटातलं वसंत प्रभूंच्या संगीतातलं 'यश हे अमृत झाले' आजही ऐकलं जातं.

रेडिओचा काळ

नागपूरला आकाशवाणी केंद्र 1948 मध्ये सुरू झालं. पण 1952 नंतर, बाळकृष्ण केसकर माहिती मंत्री असताना, आकाशवाणीवर फिल्मी गाणी जवळपास बंद झाली. मग लोकांनी रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. 1957 मध्ये विविध भारती आली, तेव्हा कुठे ही गाणी आकाशवाणीवर पुन्हा वाजू लागली.

अभिनय आणि उतार

दिसायला देखणे असल्यानं त्यांना नायकाच्या भूमिका मिळाल्या : 'दिल-ए-नादान' (1953), सुरैयासोबत 'वारिस' (1954), नूतनसोबत 'सोने की चिडिया' (1958). पण अभिनयाच्या नादात गाण्याकडे थोडं दुर्लक्ष झालं, असं अनेक जाणकार मानतात. दुसरीकडे जमानाही बदलत होता. 1960 नंतर वेगवान, जोरकस गाण्यांची चलती आली आणि हळुवार आवाजाला काम कमी झालं. 'जहाँ आरा' (1964) मध्ये मदनमोहन यांनी आग्रह धरून तलतनाच घेतलं. तो चित्रपट चालला नाही, गझला मात्र टिकल्या.

चित्रपटांतलं काम कमी झालं तरी तलत थांबले नाहीत. 1956 मध्येच त्यांनी पूर्व आफ्रिकेचा दौरा केला होता. परदेशात असे जाहीर कार्यक्रम करणाऱ्या पहिल्या हिंदी पार्श्वगायकांपैकी ते एक. पुढेही देशोदेशी त्यांच्या मैफली होत राहिल्या. 1992 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. 9 मे 1998 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आज त्यांना का ऐकायचं?

त्यांचे उच्चार साफ आहेत, शब्द कुठेही वाद्यांखाली दबत नाही. उर्दू शिकणाऱ्या मुलांना काफ-क़ाफ, जीम-ज़े यांतला फरक ऐकवायचा असेल, तर तलत यांची गझल चांगली उस्ताद आहे. ज्या आवाजाला लोकांनी कच्चा म्हटलं, त्याच आवाजानं हे काम केलं. एकदा सगळ्यांनी घरात बसून ऐका, आणि दादी-नानीला त्यांच्या आठवणी जरूर विचारा.