‘हापूस’ सर्वांचा, पेटीवरचे नाव कोणाचे?

आंब्याचा हंगाम सुरू झाला की रत्नागिरीहून पेट्यांनी भरलेल्या गाड्या वाशीच्या बाजाराकडे निघतात. पेटीवर वर ‘रत्नागिरी हापूस’ असे शब्द असतात आणि खाली बागायतदाराचे स्वतःचे नाव किंवा चिन्ह. कर्नाटकातून येणारा, दिसायला सारखा आंबा रत्नागिरीच्या नावाने खपवला जातो, ही तक्रार दर हंगामात होते. हापूसला मानांकन मिळाल्यावर हे आपोआप थांबेल, अशी अनेकांची समजूत होती. ती पुरती खरी नाही. पेटीवरच्या या दोन ओळींना दोन वेगळे कायदे लागू होतात आणि एकीला मिळालेले संरक्षण दुसरीला लाभत नाही.

नाव मुलखाचे

ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील आंब्याला ते लागू आहे. अर्जदारांत दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ होते. हा हक्क सामूहिक असतो. तो विकता येत नाही, कोणाला बहालही करता येत नाही. म्हणूनच ‘रत्नागिरी हापूस’ एवढेच शब्द कोणी एकटा आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदवू शकत नाही.

मात्र पाच जिल्ह्यांत बाग असली म्हणजे सर्व हक्क हाती आले, असे नव्हे. बागायतदाराने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपले नाव नोंदवावे लागते. मानांकनाच्या गैरवापराविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार नोंदणीधारक संस्थेला आणि अशा वापरकर्त्यांनाच आहे.

नाव आपल्या पेढीचे

पेटीवरची दुसरी ओळ व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कक्षेत येते. हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. मिळतेजुळते चिन्ह आधीच कोणाच्या नावावर आहे का, याचा शोध नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य घेता येतो. त्यानंतर ‘टीएम-ए’ या नमुन्यात अर्ज करावा. २०१७ च्या नियमांनुसार ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, नवउद्यम व लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, तर इतरांना ९,००० रुपये आहे.

‘वर्ग’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ताजा आंबा ३१ व्या वर्गात येतो, डबाबंद रस २९ व्या, तर पन्हे आणि कोकम सरबत ३२ व्या. फक्त आंब्यासाठी नोंदणी करून उद्या त्याच नावाने सरबत विकणाऱ्याने दुसऱ्या वर्गाचाही विचार केला पाहिजे. चिन्ह आधीपासून वापरात असल्यास वापराची पहिली तारीख अर्जात नमूद करून प्रतिज्ञापत्र आणि जुनी बिले जोडावीत. वाद उद्भवल्यास हीच कागदपत्रे उपयोगी पडतात.

तपासणीत हरकत निघाल्यास अहवाल मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. पुढे चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होते. त्यावर चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. विरोध न झाल्यास किंवा तो फेटाळला गेल्यास नोंदणी होते. ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे टिकते आणि दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. वर्तुळातील ‘आर’ हे अक्षर नोंदणी झाल्यावरच छापावे. तोवर ‘टीएम’ लिहिता येते. नोंदणीनंतर सलग पाच वर्षे चिन्ह वापरलेच नाही, तर ते रद्द करण्याची मागणी होऊ शकते.

नोंदणीने काय मिळते?

नोंदणी नसतानाही, आपल्या नावाखाली दुसऱ्याने माल खपवल्यास दावा लावता येतो. तथापि बाजारातील आपला लौकिक, ग्राहकांची झालेली दिशाभूल आणि नुकसान, हे सारे सिद्ध करावे लागते. शिवाय असा दावा साधारणपणे प्रतिवादी जेथे असेल किंवा प्रकार जेथे घडला, तेथेच दाखल करावा लागतो. नोंदणीधारकाला मात्र आपला व्यवसाय जेथे चालतो तेथील जिल्हा न्यायालयात जाता येते. नक्कल वाशीत झाली तरी रत्नागिरीच्या बागायतदाराला रत्नागिरीत दाद मागता येणे, हा लहान व्यावसायिकासाठी मोठा आधार आहे.

समुद्रापलीकडे

भारतातील नोंदणी भारतापुरतीच असते. दुबई किंवा लंडनला माल पाठवणाऱ्याने तेथे वेगळे संरक्षण घेतले पाहिजे. येथे अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत परदेशी अर्ज केल्यास पॅरिस करारानुसार येथील तारखेचा अग्रक्रम मिळतो. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद व्यवस्थेत आहे. भारतातील अर्ज किंवा नोंदणीच्या आधारे एकाच अर्जात अनेक सदस्य देश निवडता येतात. संयुक्त अरब अमिरातीही डिसेंबर २०२१ पासून त्यात आहे. तथापि प्रत्येक देश आपल्या कायद्यानुसार निर्णय देतो. पहिल्या पाच वर्षांत मूळ भारतीय नोंदणी कोसळली, तर आंतरराष्ट्रीय नोंदणीही तेवढ्या प्रमाणात कोसळते.

आणखी एक सावधगिरी हवी. अनेक देशांत आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क मानला जातो. परदेशी आयातदाराला आपले चिन्ह त्याच्या नावावर नोंदवू देऊ नये. करारात तशी अट स्पष्ट लिहावी.

मानांकनालाही हीच मर्यादा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले होते. तरी जून २०२५ मध्ये प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, तेव्हा भारतातील मानांकनाचे बळ तेथवर पोहोचले नाही. याउलट दार्जिलिंग चहाने २०११ मध्ये युरोपीय संघातही नोंदणी मिळवली.

हापूसचे नाव पिढ्यान् पिढ्यांच्या मेहनतीने मोठे झाले. ते टिकवण्यासाठी बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता व्हावे आणि आपल्या पेटीवरचे नावही नोंदवावे. ही कामे पुढच्या मोहोराची वाट न पाहता, हंगाम संपताच हाती घेतलेली बरी.