तारल्यांची वर्षं : रापणीचा इतिहास समुद्रासकट वाचायला हवा

गोव्याच्या किनाऱ्यावर जुन्या माणसांशी बोलायला बसलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "पूर्वी इतके तारले पडायचे की माडांना खत म्हणून घालायचो." माडांच्या मुळाशी तारले घालायची रीत खरीच होती. पण "पूर्वी" म्हणजे नेमकं कुठलं वर्ष, हे विचारलं की गाडी अडते. मला वाटतं, आपल्या मासेमारीचा इतिहास लिहिताना हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

कारण तारले आणि बांगडे दरवर्षी सारखे येत नाहीत. फ्रान्सिस डे या इंग्रज डॉक्टरने मलबारच्या माशांवरचा ग्रंथ १८६५ साली काढला. तेव्हा ट्रॉलर नव्हते, पर्ससीनही नव्हती, तरी तारल्यांची आवक लहरी असल्याचं एकोणिसाव्या शतकापासून नोंदलेलं आहे. १९४०च्या दशकात मलबारात तारले इतके रोडावले की मद्रास सरकारने १९४३ साली काही जाळ्यांवर आणि लहान मासळी पकडण्यावर निर्बंध घातले. काही वर्षांनी ते उठवले गेले. अलीकडचे आकडे तर चक्रावून टाकतात. केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारले मिळाले आणि २०२१ साली जेमतेम ३,३०० टन.

यामागे समुद्राचं स्वतःचं गणित आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड, क्षारयुक्त पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि तारल्यांना खाद्य मिळतं. हा जोर केरळ-कर्नाटकाकडे अधिक असतो, उत्तरेकडे कमी होत जातो. गोवा या पट्ट्याच्या उत्तर टोकाजवळ आहे. शिवाय तारल्याचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचंच. एखाद्या पावसाळ्यात पिल्लं जगली नाहीत तर पुढच्याच हंगामात टोपल्या रिकाम्या.

आता रापणीकडे बघू. होडीतून अर्धवर्तुळात जाळं टाकायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे. रापण माशांच्या मागे जात नाही, मासे काठाला आले तरच तिला मिळतात. म्हणून मी रापणीला एका जागी रोवलेलं मोजमाप मानतो. ट्रॉलर आणि पर्ससीनची बोट मात्र मासे जिथे असतील तिथे पोचते. म्हणजे एकूण आकडा वाढत असतानाही काठावरचा माणूस रिकाम्या हाताने घरी जाऊ शकतो. सत्तरच्या दशकातलं रांपणकारांचं आंदोलन याच तिढ्यातून उभं राहिलं. माथानी साल्ढाणा हे त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक. १९८० साली गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, त्याची पार्श्वभूमी ही.

आजच्या चर्चेत दोन सोप्या गोष्टी सांगितल्या जातात. एक, "सगळं ट्रॉलरवाल्यांनी संपवलं." दुसरी, "मासे जातात नि येतात, काळजी नको." पहिली गोष्ट दीडशे वर्षांच्या नोंदी विसरते. दुसरी तर जास्त धोक्याची. ओहोटीच्या वर्षांत उरलेली थोडी मासळीही घाऊक उपसली तर भरतीला बीजच कुठून येणार? मासळी निसर्गतःच कमी-जास्त होते म्हणूनच वाईट वर्षांत हात आखडायला हवा, असं मला या इतिहासातून दिसतं. आणि हात आखडायचा तर तो कोणी, हा प्रश्न रापणकाराइतकाच मोठ्या बोटवाल्यालाही विचारायला हवा.

वाचकांपैकी कोणाच्या घरी रापणीच्या वाट्यांच्या वह्या, मीठ-खरेदीच्या पावत्या किंवा सुक्या मासळीचे हिशेब असतील तर ते रद्दीत घालू नका. कागदावर साल नि महिना असला तरी पुरे. अशी दहा-वीस वर्षं ओळीने लावता आली, तर "पूर्वी" या शब्दाला पहिल्यांदा तारीख मिळेल.