बून काउंटीचे रेल्वेपूल : तीन पुलांच्या तीन वाटा

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आयोवा राज्य म्हटले की मक्याची आणि सोयाबीनची सपाट शेते डोळ्यांपुढे येतात. परंतु राज्याच्या मध्यभागी असलेल्या बून काउंटीत ही सपाटी अचानक तुटते. डे मॉइन नदीने येथे खोल, झाडीने भरलेली दरी कोरली आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा, पण बहुधा त्याहून पुष्कळ लहान असा प्रशासकीय घटक. २०२०च्या जनगणनेनुसार बून काउंटीची लोकसंख्या २६ हजारांच्या थोडी वर होती. एवढ्याशा ग्रामीण मुलखात इतके उंच रेल्वेपूल का उभे राहिले, याचे उत्तर या दरीत आहे. शिकागोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या लोहमार्गाला ती ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचा मार्ग १८६७ मध्ये मिसुरी नदीकाठच्या कौन्सिल ब्लफ्सपर्यंत पोहोचला. शिकागोला तेथवर जोडणारा तो पहिला लोहमार्ग. त्या काळी दरी ओलांडण्याची रीत साधी होती : एका काठाने हळूहळू खाली उतरायचे, नदीवर बेताच्या उंचीचा पूल बांधायचा आणि दुसऱ्या काठाने पुन्हा वर चढायचे. हा मार्ग मोइंगोना या कोळशाच्या खाणींच्या गावातून जात असे. चढ अवघड असल्याने तेथे जादा इंजिने सज्ज ठेवलेली असत. गाडीला मागून ढकलणाऱ्या अशा इंजिनाला भारतीय रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात.

केट शेली या किशोरवयीन मुलीची कथा याच जुन्या मार्गावर घडली. केटचे कुटुंब मूळचे आयर्लंडचे. वडील रेल्वेत लोहमार्गाची देखभाल करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. १८७८ मध्ये त्यांचे निधन झाले. आई आणि भावंडांसह ती हनी क्रीक या ओढ्याजवळ, लोहमार्गालगतच राहत असे. ६ जुलै १८८१ च्या रात्री मुसळधार पावसाने ओढ्याला पूर आला आणि त्यावरील लाकडी पुलाचे आधार वाहून गेले. मार्गाची पाहणी करण्यासाठी मोइंगोनाहून पाठविलेले एक इंजिन चार कर्मचाऱ्यांसह ओढ्यात कोसळले. दोघे बुडाले, दोघे झाडांना धरून पाण्यात तग धरून राहिले.

आवाज ऐकून केट बाहेर पडली. पूर्वेकडे शिकागोला जाणारी एक्स्प्रेस मध्यरात्रीच्या सुमारास त्याच मार्गाने येणार, हे तिला ठाऊक होते. मोइंगोनाच्या स्थानकात वर्दी द्यायची तर डे मॉइन नदीवरील सुमारे ७०० फूट लांबीचा पूल ओलांडणे भाग होते. त्यावर पायवाट नव्हती. लोकांनी पुलावरून ये-जा करू नये म्हणून स्लीपरांमधील अंतर मुद्दाम वाढविलेले होते. कंदील विझला. विजेच्या लखलखाटात, हातांनी स्लीपर चाचपत, गुडघ्यांवर रांगत तिने तो पूल पार केला. एक्स्प्रेस थांबविण्यात आली आणि मदतीसाठी निघालेल्या माणसांना वाट दाखवीत केट पुन्हा हनी क्रीककडे गेली. तग धरून राहिलेले दोघे कर्मचारी वाचले.

आयोवा राज्याने तिला सुवर्णपदक दिले. रेल्वे कंपनीने १०० डॉलर, अर्धे पिंप पीठ, काही कोळसा आणि आजन्म मोफत प्रवासाचा पास दिला. ही यादी आज वाचताना कृतज्ञतेपेक्षा काटकसरच अधिक जाणवते. पुढे १९०३ मध्ये तिला मोइंगोना स्थानकात स्टेशन एजंटची नोकरी मिळाली आणि १९१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती तेथेच होती.

येथे एक गल्लत वारंवार होते. ‘केट शेली हाय ब्रिज’ या नावाने जो भव्य पोलादी पूल प्रसिद्ध आहे, तो केटने ओलांडलेला पूल नव्हे. त्या रात्री तो अस्तित्वातही नव्हता. तो १८९९ ते १९०१ या काळात, मोइंगोनाच्या उत्तरेला बांधण्यात आला आणि त्याचे मूळ नाव ‘बून व्हायाडक्ट’ असे होते. लोकांनी त्याला केटचे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

या पुलाचे अभियंते जॉर्ज मॉरिसन हे हार्वर्डमध्ये कायदा शिकलेले गृहस्थ. वकिली सोडून ते पूलबांधणीकडे वळले आणि मिसुरी व मिसिसिपी या महानद्यांवरील अनेक पूल त्यांच्या नावावर आहेत. पनामा कालव्याचा मार्ग ठरविणाऱ्या आयोगातही ते होते. बूनजवळ त्यांनी दरीत उतरण्याची जुनी रीतच सोडून दिली आणि एका काठावरून दुसऱ्या काठावर सरळ, जवळजवळ सपाट मार्ग नेला. लांबी २,६८५ फूट, उंची १८५ फूट, म्हणजे सुमारे ८१८ मीटर आणि ५६ मीटर. पोलादी मनोऱ्यांच्या रांगेवर तुळया टाकलेल्या आणि नदीच्या पात्रावर ३०० फुटांचा एकच मोठा गाळा. त्यावर दोन लोहमार्ग शेजारी शेजारी होते. दुहेरी मार्गाच्या एवढ्या उंच व लांब पुलांची संख्या तेव्हा जगातही थोडीच होती. बँकर इंजिनांची गरज संपली. त्याबरोबर मोइंगोना मुख्य मार्गावरून बाजूला पडले. केटने स्टेशन एजंट म्हणून काम पाहिले, ते अशा बाजूला पडलेल्या स्थानकात.

वाफेच्या इंजिनांच्या काळासाठी आखलेल्या या पुलाने शतकभर वाढता भार वाहिला. १९९५ मध्ये शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न ही कंपनी युनियन पॅसिफिकमध्ये विलीन झाली. वायोमिंगमधील कोळशाच्या लांबलचक मालगाड्या या मार्गावर धावू लागल्यानंतर जुन्या पोलादाची मर्यादा उघड झाली. अखेरच्या काळात पुलावर एका वेळी एकच गाडी सोडली जाई, तीही ताशी ४० किलोमीटरच्या मंद गतीने. त्यामुळे देशाच्या एका प्रमुख मालवाहतूक मार्गाला येथे गळपट्टाच बसला होता. कंपनीने जुन्या पुलालगत काँक्रीट व पोलादाचा नवा पूल बांधला. १९० फूट उंचीचा हा पूल २००९ मध्ये खुला झाला. त्यावरून दोन गाड्या एकाच वेळी, ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने जाऊ शकतात.

जुना पूल मात्र पाडला गेला नाही. १९७८ पासून त्याची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत आहे. परंतु या सूचीविषयी बाहेर एक गैरसमज आढळतो. नोंद झाली म्हणजे वास्तू सुरक्षित झाली, असे नाही. मालक खासगी असेल आणि कामात संघराज्य सरकारचा पैसा वा परवाना गुंतलेला नसेल, तर त्याला ती पाडण्यापासून ही नोंद रोखत नाही. भारतातील संरक्षित स्मारकाच्या दर्जाशी तिची तुलना करणे म्हणूनच चुकीचे ठरेल. वाहतूक नसलेला, गंजत जाणारा एवढा सांगाडा राखायचा खर्च कोणी आणि कशासाठी करायचा, हा प्रश्न अशा प्रत्येक पुलापाशी येतो.

याच काउंटीत त्याची आणखी दोन उत्तरे पाहायला मिळतात. बून शहराबाहेर बास पॉइंट क्रीक या ओढ्यावर १५६ फूट उंचीचा पूल आहे. तो पूर्वी विजेवर धावणाऱ्या फोर्ट डॉज, डे मॉइन अँड सदर्न या रेल्वेचा होता. मालवाहतूक संपल्यावर स्थानिक इतिहासप्रेमींनी १९८३ मध्ये त्या मार्गाचा एक तुकडा विकत घेतला आणि ‘बून अँड सीनिक व्हॅली’ नावाची पर्यटन रेल्वे सुरू केली. विशेष म्हणजे तिच्यासाठी १९८९ मध्ये चीनमधील दातोंगच्या कारखान्यातून वाफेचे कोरे इंजिन मागविण्यात आले. अमेरिकेत तशी इंजिने बनणे तोवर कधीच थांबले होते.

दक्षिणेकडे मॅड्रिड गावाजवळ रेल्वेने मार्ग सोडताना पुलाच्या पोलादी तुळया काढून नेल्या. उरले ते नदीतील उंच काँक्रीटचे खांब. त्याच खांबांवर सायकलस्वार आणि पादचारी यांच्यासाठी नवा पृष्ठभाग बसवून २०११ मध्ये ‘हाय ट्रेसल ट्रेल’चा पूल खुला झाला. उंची सुमारे १३० फूट, लांबी जवळपास अर्धा मैल. मार्गावर तिरप्या होत जाणाऱ्या पोलादी चौकटी उभारल्या असून त्यांतून चालताना कोळशाच्या खाणीच्या बोगद्यात डोकावल्याचा भास होतो. अंधार पडल्यावर निळे दिवे लागतात. या परिसरातील जुन्या खाणींचीच ही आठवण.

मोइंगोनात जुन्या स्थानकाच्या जागी आता काउंटीच्या इतिहास मंडळाचे केट शेली संग्रहालय आहे. मॉरिसन यांचा पोलादी पूल आणि त्याच्या शेजारचा २००९चा पूल पाहण्यासाठी मात्र तिकीट लागत नाही. दरीतून जाणाऱ्या खडीच्या रस्त्यावर थांबले की दोन्ही एकाच नजरेत दिसतात. गाड्या फक्त नव्या पुलावरून जातात.