प्रतिमेतील कडा आणि प्रकाशाची गाळणी

वस्तूची ओळख डोळ्यास पटते ती मुख्यतः तिच्या कडांवरून. परंतु तापलेली हवा, काचेतील दोष, जिवंत पेशी यांसारख्या पारदर्शक वस्तू प्रकाश फारसा शोषून घेत नाहीत. त्याचा मार्ग वा वेग तेवढा किंचित बदलतात. त्यामुळे त्यांच्या कडा सहसा अदृश्यच राहतात. त्या दृश्य करण्याच्या उपायांचा इतिहास पाहिला असता असे आढळते की, येथे युक्ती प्रथम हाती आली आणि तिचा अर्थ पुष्कळ काळाने उलगडला.

१८५८ च्या सुमारास लेआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने दुर्बिणीच्या आरशांची पारख करण्यासाठी, आरशाने परावर्तित केलेला प्रकाश जेथे एकवटतो तेथे सुरीचे पाते सरकविले. काही प्रकाश अडताच पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचसखलपणा छायाप्रकाशाच्या रूपाने प्रकट झाला. १८६४ मध्ये आउगुस्ट ट्योप्लर याने हीच रीत हवेतील घनतेचे भेद दाखविण्यास योजिली. तिला त्याने दिलेले 'श्लीरेन' हे नाव काचेतील दोषरूप रेघांसाठी जर्मन भाषेत रूढ होते. १८८७ मध्ये एर्न्स्ट माख व पेटर झाल्खर यांनी याच रीतीने घेतलेली, वेगवान गोळीभोवतीच्या आघात-तरंगांची छायाचित्रे प्रसिद्ध केली.

दरम्यान १८७३ मध्ये येना येथे एर्न्स्ट आबे याने सूक्ष्मदर्शकातील प्रतिमेची उपपत्ती मांडली. वस्तूवरून विवर्तित झालेला प्रकाश भिंगाच्या नाभीय प्रतलात प्रथम विभागला जातो आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन प्रतिमा घडवितो. या प्रतलात वस्तूचा सपाट, एकसारखा भाग मध्यबिंदूपाशी साठतो, तर कडा व बारकावे दूरवर विखुरतात. तेव्हा मध्यभाग झाकला की सपाट क्षेत्रे काळी पडून कडा उजळतात. १९०६ मध्ये अल्बर्ट पोर्टर याने तारेच्या जाळीवर याची प्रचीती घेतली : नाभीय प्रतलात अरुंद फट ठेविताच एका दिशेच्या तारा प्रतिमेतून नाहीशा झाल्या.

फूकोचे पाते आणि आबेची उपपत्ती यांचा पुरता मेळ बसला तो ग्रोनिंगेनच्या फ्रिट्स झेर्निके याच्या हातून. त्याने १९३४ च्या निबंधात सुरीच्या कसोटीची विवर्तनाधारे मीमांसा करून तिचेच सुधारलेले रूप म्हणून कलाविपर्यास-पद्धती मांडली. तीत मध्यवर्ती प्रकाश अडवावयाचा नसतो. त्याचे आंदोलन पाव तरंगाने पुढेमागे करावयाचे असते. मग जिवंत पेशी रंग न देताही स्पष्ट दिसते. तत्पूर्वी १९३२ मध्ये तो येना येथील त्साइस कारखान्यात ही कल्पना घेऊन गेला होता. तिच्यात काही व्यावहारिक अर्थ असता तर आम्हीच ती केव्हाच शोधून काढली असती, अशा आशयाचे उत्तर तेथील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने दिल्याचे त्याने पुढे नमूद केले. ज्या संस्थेत आबेने आपली उपपत्ती घडविली, तीच ही संस्था होय! १९५३ मध्ये झेर्निकेस नोबेल पारितोषिक मिळाले.

पाते एकाच बाजूचा प्रकाश अडविते. म्हणून कडेची एक बाजू उजळ व दुसरी काळी दिसते. २००५ मध्ये इन्सब्रुकच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकात सर्पिल कला-गाळणी योजून सर्व दिशांच्या कडा सारख्याच उजळविल्या. साधन बदलले, जागा मात्र फूकोचीच राहिली. ज्ञान साठविल्याने युक्तीचा अर्थ आपोआप कळतो असे नाही. शेजारी पडलेल्या दोन गोष्टी जोडणारा कोणी लागतो, हेच या इतिहासाचे सार होय.