कर्णाचे कूळ: बोरघाटापासून पाटण्यापर्यंत

लोणावळ्याजवळच्या औंढे गावापासून बोरघाट दूर नाही. १८६३ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली. पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंतच्या सुमारे १५.८ मैलांत गाडीला १,८३१ फूट चढावे लागे. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट असा होता.

नकाशावरचे सपाट अंतर, चढलेली उंची आणि तिरका रूळ यांचा काटकोन त्रिकोण होतो; रूळ हा त्याचा कर्ण. ३७ चा वर्ग १३६९, त्यात १ मिळवून वर्गमूळ काढले की ३७.०१ येते. संपूर्ण घाटाचा चढ एकसारखा धरला, तरी सपाट अंतरापेक्षा रूळ जेमतेम २० फुटांनी लांब भरतो. (घाटाने खरी किंमत वसूल केली ती वळणांत आणि बोगद्यांत.)

या हिशोबाला शाळेत पायथागोरसचे नाव आहे. पण मराठी विद्यार्थी ज्याला ‘कर्ण’ म्हणतो तो शब्द ग्रीसमधून आलेला नाही. त्याचे कूळ शोधू लागले की वाट सह्याद्रीतूनच जाते.

आधी नावाचा वाद. इ.स.पूर्व १८०० च्या सुमाराच्या बॅबिलोनी मातीच्या पाट्यांवर अशा त्रिकोणांच्या बाजूंचे आकडे कोरलेले आहेत. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्याच्या ओघात हा नियम शब्दांत सांगितला आहे: आयताच्या दोन बाजू स्वतंत्रपणे जेवढी क्षेत्रे निर्माण करतात, तेवढे एकत्रित क्षेत्र कर्णाची दोरी एकटी निर्माण करते. त्या दोरीला तिथे ‘अक्ष्णयारज्जू’ म्हटले आहे. हा ग्रंथ पायथागोरसपूर्व असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र त्यात नियम आहे, सिद्धता नाही. पायथागोरसचे स्वतःचे एक अक्षरही उरलेले नाही, आणि ग्रीक परंपरेतली लेखी सिद्धता मिळते ती इ.स.पूर्व ३०० च्या सुमाराच्या युक्लिडकडे. त्यामुळे ‘पायथागोरसने शोध लावला’ हे विधान जितके कच्चे, तितकीच ‘पहिला शोध आमचाच’ ही घोषणाही कच्ची. बॅबिलोनच्या पाट्या दोघांच्याही आधीच्या आहेत.

या वादात एक अधिक मोलाची गोष्ट झाकली जाते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यातले एक उदाहरण असे: नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघतो, मोर तिरकी झेप घेतो. दोघे सारखेच अंतर कापतात. गाठ कुठे पडेल? बिळापासून बारा हातांवर. मोराची झेप पंधरा हातांची. ९, १२, १५, म्हणजे ३, ४, ५ ची तिप्पट. गवंडी आजही पायाची आखणी करताना दोरीने काटकोन तपासतात तो याच आकड्यांनी.

सिद्धतेचे काय? ‘बीजगणित’ या ग्रंथात १५ भुजेचा आणि २० कोटीचा त्रिकोण घेतला आहे. असे चार त्रिकोण कर्णाच्या चौरसात मांडले की मध्ये ५ बाजूचा लहान चौरस उरतो. चार त्रिकोणांचे क्षेत्र ६००, मधल्या चौरसाचे २५. बेरीज ६२५, म्हणजेच २५ चा वर्ग. कर्ण २५. ही मांडणी कागदाचे तुकडे कापून कोणालाही पडताळता येते.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने चाळीसगावजवळच्या पाटणे येथे मठ काढला आणि निकुंभवंशी सोइदेव व हेमाडीदेव यांनी त्याला देणग्या दिल्या. इ.स. १२०७ च्या सुमाराचा हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा मुख्य भाग संस्कृत आहे, पण गावाकडून मठाला काय मिळावे हे सांगताना तो मराठीत उतरतो. चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल, अशीही एक तरतूद त्यात आहे. वंशावळीतल्या मोठमोठ्या विशेषणांपेक्षा हे पळीभर तेल इतिहासाला अधिक सांगते: कर्णाचे गणित शिकवण्याचा भार तेलीही उचलत होते.

पुढचा दुवा कोकणातला. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. भास्कराचार्यांनी नुसते नियम दिले होते तिथे गणेशांनी उपपत्ती दिल्या. भुज-कोटी-कर्णाच्या नियमाची तर बीजगणिती आणि भौमितिक अशा दोन्ही रीतींनी. १८१७ मध्ये हेन्री कोलब्रुकने लंडनमध्ये ‘लीलावती’चे इंग्रजी भाषांतर छापले, तेव्हा पानापानाच्या तळटीपांत त्याने ज्यांचा आधार घेतला, त्यांत नांदगावचे हे गणेश दैवज्ञ होते.